विश्लेषण : मॅच बघायला पैसे का मोजावे लागतात? केरी पॅकर यांना मिळालेल्या एका नकाराची गोष्ट

आयपीएलचा सामना रंगात आलेला असतो आणि अचानक मोबाइलच्या स्क्रीनवर प्लॅन निवडायला सांगणारी चौकट येते. २०२५ च्या हंगामात हा अनुभव अनेकांनी घेतला. त्याआधीचे दोन हंगाम जिओसिनेमावर हेच सामने मोफत होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार एकत्र आले, जिओहॉटस्टार सुरू झाले आणि तीन महिन्यांसाठी १४९ रुपयांपासून पुढे प्लॅन आले. खेळ तोच, खेळाडू तेच. मग एका वर्षी मोफत आणि दुसऱ्या वर्षी पैसे, असे का?

याचे उत्तर शोधायचे तर ऑस्ट्रेलियातल्या एका माणसापर्यंत मागे जावे लागते. क्रिकेट सामन्याची खरी किंमत स्टेडियमच्या तिकीट खिडकीवर ठरत नाही, हे त्याने १९७६ मध्ये ओळखले होते. त्याचे नाव केरी पॅकर. रंगीत कपडे आणि रात्रीचे सामने आणणारा माणूस म्हणून त्यांची ओळख सांगितली जाते. पण त्यांना हवे होते ते वेगळेच.

कोण होते केरी पॅकर?

जन्म १७ डिसेंबर १९३७, सिडनी. आजोबा आणि वडील दोघेही वृत्तपत्रांच्या धंद्यातले. वडील सर फ्रँक पॅकर यांच्या सिडनीतील टीसीएन-९ या केंद्राने सप्टेंबर १९५६ मध्ये ऑस्ट्रेलियातले पहिले नियमित टीव्ही प्रक्षेपण केले. म्हणजे टीव्ही केरी यांच्या घरातच होता. पण घराचा वारस म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहत नव्हते. लहानपणी पोलिओ झाला आणि नऊ महिने आयर्न लंग या श्वास देणाऱ्या यंत्रात काढावे लागले. वाचनदोषामुळे शाळेत कायम मागे. वारस मानला जायचा तो थोरला भाऊ क्लाइड. मात्र १९७२ मध्ये क्लाइड यांचे वडिलांशी बिनसले आणि ते कंपनीतून बाहेर पडले. १९७४ मध्ये सर फ्रँक गेले आणि वयाच्या ३६ व्या वर्षी मासिकांचा आणि चॅनल नाइनचा कारभार केरी यांच्या हाती आला.

मार्च १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियात रंगीत टीव्ही आला. वाहिन्यांना दिवसचे दिवस भरून काढेल असा देशी कार्यक्रम हवा होता. एक मालिका बनवायची तर लेखक, कलाकार, सेट असा सगळा खर्च येतो. कसोटी सामना पाच दिवस चालतो, रोज सहा तास, आणि त्याची पटकथा कोणालाही लिहावी लागत नाही. शिवाय प्रत्येक षटकानंतर मिनिटभराची आयती मोकळी जागा मिळते. पॅकर यांना तिथे जाहिरात दिसली.

नकार नेमका काय होता?

ऑस्ट्रेलियातले क्रिकेट तेव्हा एबीसीवर दिसे. एबीसी म्हणजे आपल्या दूरदर्शनसारखी, सरकारी पैशावर चालणारी वाहिनी. ती जाहिराती घेत नाही, त्यामुळे तिच्या लेखी क्रिकेट हा निव्वळ खर्च होता. तीन वर्षांसाठी ती बोर्डाला २ लाख १० हजार डॉलर द्यायला तयार होती. पॅकर यांनी त्याच तीन वर्षांसाठी १५ लाख डॉलर देऊ केले. सातपटीहून जास्त.

बोर्डाने नाही म्हटले. एबीसीला शब्द दिला आहे, हे कारण. शब्दाला जागणे चांगलेच. पण याच बोर्डाचे खेळाडू तेव्हा एका कसोटीचे काहीशे डॉलर घेऊन खेळत होते आणि पोटासाठी दुसरी नोकरी करत होते, हेही लक्षात घ्यावे लागते. हे पैसे घेतले असते तर पुढचे बहुतेक काहीच घडले नसते.

याच सुमारास जॉन कॉर्नेल आणि ऑस्टिन रॉबर्टसन हे दोघे पॅकर यांच्याकडे एक कल्पना घेऊन आले. डेनिस लिलीसारखे खेळाडू मानधनावर नाराज आहेत, त्यांना घेऊन टीव्हीसाठी काही सामने भरवू, असा त्यांचा प्रस्ताव. पॅकर यांनी तो आणखी मोठा केला. थोड्याच खेळाडूंवर का थांबायचे? जगातले सगळेच चांगले खेळाडू घेऊ. हक्क विकत मिळत नसतील तर ज्याचे हक्क आहेत तो खेळच वेगळा उभा करू.

गुपचूप करार कसे झाले?

मार्च १९७७ मध्ये मेलबर्नला कसोटी क्रिकेटच्या शंभरीचा सामना झाला. क्रिकेट जगातली सगळी बडी मंडळी तिथे मिरवत होती आणि त्याच दिवसांत खेळाडू एकेक करून पॅकर यांच्या कागदांवर सह्या करत होते. इंग्लंडचा कर्णधार टोनी ग्रेग फक्त सही करून थांबला नाही, त्याने इतरांनाही ओढले. क्लाइव्ह लॉइड, व्हिव रिचर्ड्स, इम्रान खान, चॅपल बंधू असे सगळे आले. सल्लागार म्हणून माजी कर्णधार रिची बेनॉ. ९ मे १९७७ रोजी बातमी फुटली, तेव्हा इंग्लंड दौऱ्यावरच्या ऑस्ट्रेलियाच्या १७ पैकी १३ खेळाडूंनी आधीच करार केले होते. ग्रेगचे कर्णधारपद गेले.

या सगळ्याला ‘पॅकर सर्कस’ म्हणून हिणवले गेले. पण २३ जून १९७७ च्या लॉर्ड्सवरच्या बैठकीत काय झाले ते पाहिले की खरा मुद्दा कळतो. आयसीसी आणि पॅकर समोरासमोर बसले होते. तारखा, खेळाडूंची उपलब्धता अशा बऱ्याच गोष्टींवर तडजोड होऊ शकत होती. बोलणी फिसकटली ती एकाच अटीवर. एबीसीचा करार संपल्यावर ऑस्ट्रेलियातील प्रक्षेपणाचे संपूर्ण हक्क चॅनल नाइनला मिळावेत, अशी हमी पॅकर यांना हवी होती. ती मिळाली असती तर त्यांना स्वतःचे क्रिकेट भरवण्याची गरजच नव्हती.

मग आयसीसीने बंदी घातली. पॅकर यांच्यासाठी खेळणारा कसोटी खेळू शकणार नाही. पॅकर यांच्या पाठबळावर ग्रेग, जॉन स्नो आणि माइक प्रॉक्टर लंडनच्या उच्च न्यायालयात गेले. ३१ दिवस सुनावणी चालली. २५ नोव्हेंबर १९७७ रोजी न्यायमूर्ती स्लेड यांचा निकाल आला. माणसाच्या पोटापाण्याच्या धंद्यावर अशी आडकाठी आणता येत नाही, असा त्याचा सारांश. मंडळाला खेळाडू आपल्या मालकीचा वाटत होता. न्यायालयाने तो कामगार असल्याचे सांगितले.

एकाच दिवशी दोन क्रिकेट

२ डिसेंबर १९७७. मेलबर्नच्या व्हीएफएल पार्कवर पॅकर यांच्या वर्ल्ड सिरीज क्रिकेटची पहिली ‘सुपरटेस्ट’ सुरू झाली. ‘टेस्ट’ हा शब्द वापरायला बंदी, म्हणून हे नाव. मोठी क्रिकेट मैदाने मिळत नव्हती, म्हणून फुटबॉलचे मैदान. खेळपट्टी काचगृहात, काँक्रीटच्या साच्यांत वाढवून मैदानात आणून बसवलेली. जॉन मॅली या क्युरेटरचे हे काम मला या गोष्टीतले सर्वात भारी तंत्र वाटते, आणि त्याचीच चर्चा सर्वात कमी होते. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘ड्रॉप-इन’ खेळपट्ट्यांचे मूळ तिथे आहे. एवढे करून त्या अवाढव्य स्टेडियममध्ये प्रेक्षक किती, तर काही हजार.

त्याच दिवशी ब्रिस्बेनला अधिकृत ऑस्ट्रेलिया आणि भारत यांच्यातली कसोटी सुरू झाली. सगळे मोठे खेळाडू पॅकर यांच्याकडे गेल्याने बोर्डाने बॉबी सिम्पसन यांना निवृत्तीतून बाहेर काढून, वयाच्या ४१ व्या वर्षी, कर्णधार केले होते. भारताचे कर्णधार बिशनसिंग बेदी. मालिका अटीतटीची झाली. ब्रिस्बेन भारताने १६ धावांनी गमावली, पर्थ दोन गडी राखून गेली. मेलबर्नला चंद्रशेखर यांनी १२ बळी घेतले आणि भारताने ऑस्ट्रेलियात पहिला कसोटी विजय मिळवला. सिडनीही जिंकली. अॅडलेड गेली आणि मालिका ३-२ अशी सुटली. सुनील गावस्कर यांची तीन शतके याच मालिकेतली. त्या पहिल्या मोसमात प्रेक्षकांनी अधिकृत क्रिकेटला साथ दिली आणि पॅकर यांना मोठा तोटा झाला. म्हणजे भारताच्या संघाने त्यांचे काम बरेच अवघड करून ठेवले होते! वर्ल्ड सिरीजमध्ये एकही भारतीय खेळला नाही.

दिवे, कॅमेरे आणि पांढरा चेंडू

पॅकर यांनी एक गोष्ट पटकन ओळखली. दिवसा लोक कामावर असतात, टीव्हीसमोर रात्री बसतात. जाहिरातीचा दरही रात्रीच जास्त. म्हणून सामना रात्री हवा. रात्री लाल चेंडू दिसत नाही, म्हणून पांढरा. पांढऱ्या कपड्यांवर पांढरा चेंडू हरवतो, म्हणून पुढे रंगीत कपडे. जानेवारी १९७९ मध्ये सिडनीला वेस्ट इंडिजचा संघ गुलाबी कपड्यांत उतरला. आज हे सगळे ‘क्रांती’ म्हणून सांगितले जाते. खरे तर ते प्राइम टाइमचे गणित होते.

एबीसीचे मुख्य कॅमेरे मैदानाच्या एकाच टोकाला असत. म्हणजे निम्म्या वेळेला प्रेक्षकाला फलंदाजाची पाठ दिसे. पॅकर यांनी दोन्ही टोकांना कॅमेरे लावले, जमिनीतले मायक्रोफोन आले, रिप्लेचा मारा आला. खेळही जास्त धोकादायक झाला. डिसेंबर १९७७ मध्ये अँडी रॉबर्ट्सच्या चेंडूने डेव्हिड हूक्सचा जबडा फुटला आणि हेल्मेट घालणे पळपुटेपणा राहिला नाही.

२८ नोव्हेंबर १९७८ ला डाव उलटला. न्यू साउथ वेल्स सरकारने सिडनी क्रिकेट ग्राउंडचे दार उघडले होते, तिथे दिव्यांचे उंच मनोरे उभे राहिले होते. पहिल्याच रात्री बाहेर रांगा एवढ्या लागल्या, की पॅकर यांनी दरवाजे सरळ उघडून टाकायला सांगितले असे म्हणतात. अधिकृत मोजदाद ४४ हजारांच्या वर. त्याच मोसमात अधिकृत ऑस्ट्रेलिया इंग्लंडकडून ५-१ ने हरला आणि बोर्डाची तिजोरी रिकामी होऊ लागली.

मग जिंकले कोण?

३० मे १९७९ रोजी बोर्डाने तहाची घोषणा केली. चॅनल नाइनला प्रक्षेपणाचे संपूर्ण हक्क मिळाले आणि पॅकर यांच्याच कंपनीला दहा वर्षांसाठी क्रिकेटच्या विपणनाचे कामही. वर्ल्ड सिरीज क्रिकेट बंद झाले. तीन वर्षांपूर्वी मागितले होते, त्यापेक्षा जास्त पदरात पडले.

खेळाडूंच्या वाट्याला काय आले? मानधन वाढले, हे खरे. पण तह ठरत असताना त्या टेबलावर एकही खेळाडू नव्हता. कारकीर्द पणाला लावली ती त्यांनी. मला पॅकर यांच्या चरित्रातला हा भाग खटकतो.

पुढच्याच मोसमापासून तिरंगी एकदिवसीय मालिका सुरू झाली. ऑस्ट्रेलियातले आठ चेंडूंचे षटकही सहा चेंडूंचे झाले. योगायोग म्हणा हवे तर, पण त्यामुळे तासाला जाहिरातीच्या जागा वाढल्या. १९८०-८१ मध्ये भारतही त्या तिरंगी मालिकेत खेळला. आणि मार्च १९८५ मध्ये मेलबर्नच्या प्रकाशझोतात, गावस्कर यांच्या संघाने पाकिस्तानला हरवले आणि रवी शास्त्री यांच्या ऑडीवर सगळा संघ चढून बसला, ते दृश्य आपल्या आधीच्या पिढीच्या डोळ्यांसमोर अजून आहे. तो सगळा थाट पॅकर यांच्याच साच्यातला होता. पहाटे उठून पाहिलेले ऑस्ट्रेलियातले सामने, बेनॉ, लॉरी आणि ग्रेग यांची कॉमेंट्री, शून्यावर बाद झालेल्या फलंदाजाबरोबर चालणारे ते रडवेले बदक, हे सगळे चॅनल नाइनचे.

जाहिरात आणि वर्गणी यात फरक काय?

इथपर्यंत प्रेक्षक एक पैसाही देत नव्हता, पैसे जाहिरातदार देत होता. या पद्धतीत सामन्याची किंमत ठरते किती लोक बघतात त्यावर.

वर्गणीवर चालणाऱ्या वाहिनीचे गणित वेगळे असते. समजा एका वाहिनीचे १ कोटी वर्गणीदार आहेत आणि प्रत्येक जण महिन्याला १०० रुपये देतो. क्रिकेट दुसरीकडे गेले आणि दहातल्या तिघांनी वर्गणी बंद केली, तर महिन्याला ३० कोटी, वर्षाला ३६० कोटी बुडाले. म्हणजे जाहिरातीचा एक रुपयाही न धरता, त्या वाहिनीला क्रिकेटसाठी वर्षाला ३६० कोटींपर्यंत बोली लावणे परवडते. इथे प्रश्न असतो, हे नसेल तर किती जण सोडून जातील?

इंग्लंडमध्ये रूपर्ट मरडॉक यांनी हेच केले. १९८८ पासूनच्या चार वर्षांसाठी तिथल्या फुटबॉल लीगला आयटीव्हीकडून ४.४ कोटी पौंड मिळत होते. १९९२ मध्ये नव्या प्रीमियर लीगसाठीचा पाच वर्षांचा करार ३०.४ कोटी पौंडांचा झाला आणि थेट सामने मरडॉक यांच्या स्कायकडे गेले. स्कायच्या खेळ विभागात आधीच एक ऑस्ट्रेलियन माणूस काम करत होता. डेव्हिड हिल. त्याने काम शिकले होते पॅकर यांच्या चॅनल नाइनमध्ये.

पॅकर यांच्यावरच तो डाव उलटला तेव्हा

१९८७ मध्ये पॅकर यांनी चॅनल नाइन उद्योगपती अॅलन बाँड यांना १०० कोटींहून अधिक डॉलरना विकले आणि १९९० मध्ये, बाँड गाळात गेल्यावर, त्याच्या एका अंशात परत मिळवले. त्याच वर्षी पोलो खेळताना हृदय बंद पडले, काही मिनिटे ते मृतवत होते. योगायोगाने आलेल्या रुग्णवाहिकेत डिफिब्रिलेटर होते म्हणून वाचले. पुढे राज्यातल्या सगळ्या रुग्णवाहिकांत ते यंत्र बसवायला त्यांनी पैसे दिले.

मग १९९५ आले आणि ऑस्ट्रेलियात वर्गणीची टीव्ही सेवा सुरू झाली. तिथल्या लोकांचा जीव की प्राण असलेल्या रग्बी लीगचे हक्क पॅकर यांच्याकडे होते. मरडॉक यांना फॉक्सटेल ही नवी सेवा चालवायची होती आणि हक्क मिळत नव्हते. त्यांच्या माणसांनी काय केले? १९९५ च्या मार्चअखेरीस, गुपचूप, खेळाडूंना भरमसाट पैसे देऊन करारबद्ध केले आणि ‘सुपर लीग’ नावाची वेगळी स्पर्धा काढली. १९७७ ची हुबेहूब नक्कल. फक्त या वेळी जुन्या मंडळाच्या बाजूने पॅकर होते. न्यायालयात लढाई झाली, १९९७ मध्ये एकाच खेळाच्या दोन स्पर्धा चालल्या, प्रेक्षक वैतागले आणि वर्षअखेरीस तह झाला. पुढे पॅकर यांच्या कंपनीने फॉक्सटेलमध्येच २५ टक्के वाटा घेतला.

२६ डिसेंबर २००५ रोजी, वयाच्या ६८ व्या वर्षी, सिडनीत त्यांचे निधन झाले. मेलबर्नची बॉक्सिंग डे कसोटी त्याच दिवशी सुरू झाली होती, आणि ती चॅनल नाइनवर दिसत होती.

भारतात काय झाले?

आपल्याकडे हाच वाद १९९३ च्या हिरो कपवरून पेटला. प्रक्षेपण परदेशी कंपनीला देण्याचा अधिकार क्रिकेट संघटनेला आहे की दूरदर्शनची मक्तेदारी आहे? फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ध्वनिलहरी जनतेच्या मालकीच्या आहेत, त्यांवर सरकारची मक्तेदारी नाही. हक्कांचा बाजार तिथून खुला झाला. २००७ मध्ये, हक्कांच्या शर्यतीत हाती काही न लागलेल्या झी समूहाने इंडियन क्रिकेट लीग काढली, तेव्हा पॅकर यांचे नाव पुन्हा घेतले गेले. बीसीसीआयने मात्र ऑस्ट्रेलियन बोर्डाची चूक केली नाही. पुढच्याच वर्षी आयपीएल आणली. २००७ मध्येच कायदाही झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे चित्र खासगी वाहिन्यांनी प्रसार भारतीला द्यायचे. आयपीएल त्यात नाही.

२०२३ ते २०२७ या काळातल्या आयपीएलचे हक्क ४८,३९० कोटींना गेले. सामने ४१०, म्हणजे एका सामन्याचे सुमारे ११८ कोटी. डिजिटल हक्क हॉटस्टारच्या हातून गेल्यावर काय झाले, तेही आकड्यांत दिसते. त्यांचे वर्गणीदार २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये ६ कोटी १३ लाख होते, २०२३ च्या जुलैपर्यंत सुमारे ४ कोटी उरले. कारणे इतरही होती, पण आयपीएल हे मोठे. ज्यांनी हक्क घेतले त्यांनी आधी मोफत दाखवून गर्दी जमवली. दोन्ही कंपन्या एक झाल्यावर स्पर्धा उरली नाही आणि स्क्रीनवर प्लॅनची चौकट आली.

आणि ऑस्ट्रेलियात?

एप्रिल २०१८ मध्ये चॅनल नाइनकडून क्रिकेट गेले, जवळपास चाळीस वर्षांनी. सेव्हन आणि फॉक्सटेल यांनी मिळून सहा वर्षांसाठी ११८ कोटी डॉलर मोजले. महागाई बाजूला ठेवली तर पॅकर यांच्या नाकारलेल्या बोलीच्या, दर वर्षामागे, जवळपास चारशे पट. कसोटी सामने मोफत वाहिनीवर राहिले. मायदेशातले पुरुषांचे आंतरराष्ट्रीय एकदिवसीय आणि टी-२० सामने मात्र फक्त वर्गणीदारांसाठी.

२५ ऑक्टोबर २०२५ रोजी सिडनी क्रिकेट ग्राउंडवर दिवसरात्रीच्या सामन्यात रोहित शर्माने नाबाद १२१ आणि विराट कोहलीने नाबाद ७४ धावा केल्या. पॅकर यांनी दरवाजे उघडून दिले होते, तेच हे मैदान. ऑस्ट्रेलियात तो सामना पाहायला फॉक्सटेल किंवा कायोची वर्गणी लागत होती.